तेलवालीला आवाज कोणाचा?

चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसायला लागली की त्यांच्याभोवती किस्से जमतातच. लोणच्याच्या बरणीसारखं असतं ते. कोणी मुद्दाम ढवळत नाही, पण झाकण काढलं की वास सगळ्या मजल्यावर! आमची खोली म्हणजे लालबागमधल्या आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचं ऑफिस, आणि बरणीत भरलेली सिरीज म्हणजे ‘नऊ दिवे’.

ज्यांनी ही सिरीज पाहिली नसेल (असे लोक अजून आहेत म्हणे!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समुद्राकाठी एक राज्य, किनाऱ्यावर नऊ दीपस्तंभ. दिवे जळतात तोवर समुद्रातले अजगर लांब राहतात. एक जरी विझला तरी खेळ खल्लास. मधे राणी, कप्तान, फितुरी, लग्नं आणि भरपूर खून. मूळ इंग्रजी, मग मराठीतही आली. जगभर चालली, पण आमच्याइतकी मनावर कोणी घेतली असेल असं मला वाटत नाही.

सिरीज संपली आणि कंपनीने जाहीर केलं, की आता हिच्यातून स्पिन-ऑफ काढणार. म्हणजे मूळ कथेतलं एखादं पात्र उचलून त्याची वेगळी सिरीज. कोणाची, ते सांगितलं नाही. बस्स! आमच्या रविवारांना कामच मिळालं.

*

आमच्याकडे वादसुद्धा शिस्तीत होतो. मंडळाच्या सभेत सूचक आणि अनुमोदक लागतो, तोच नियम इथे. आधी कोणीतरी सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मगच भांडायचं. अध्यक्ष मी. याला माझं कर्तृत्व कारणीभूत नाही. ज्या प्रोजेक्टरवर आम्ही सिरीज बघतो त्याची वायर माझ्या खोलीतून येते. एकदा अध्यक्षांचा अपमान झाला तेव्हा मी घरी जाऊन स्विच बंद केला होता. तेव्हापासून मान आहे.

पहिल्याच सभेत बंड्या सावंतने कप्तान मॉर्गचं नाव सुचवलं. बंड्या म्हणजे आमच्या मंडळाचा खजिनदार, कुरियरच्या ऑफिसात सुपरवायझर आणि आवाजाने माझा बाप. कप्तान मॉर्ग म्हणजे एका डोळ्याचा समुद्री चाचा. निनाद केळकरने सुचवलं, की नऊ दिवे बांधले गेले त्या जुन्या काळाची कथा हवी. निनाद ठाकूरद्वारहून येतो. मूळ पुस्तकं वाचलेला आमच्यातला तो एकटाच, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य “पुस्तकात असं नाहीये” याने सुरू होतं. मला स्वतःला राणीचं तरुणपण हवं होतं, पण अध्यक्षांनी तटस्थ राहायचं असतं म्हणून मी फक्त चेहऱ्याने प्रचार केला.

बंड्याला अनुमोदक मिळेना. तो तडक बाहेर गेला आणि बायकोला, संगीताला, हाताला धरून घेऊन आला.

“हात वर कर,” बंड्या म्हणाला.

“कशाला?”

“अगं, कप्तान मॉर्गला अनुमोदन दे!”

“तो एक डोळ्यावाला? दिवसभर गलबतावर लोळतो आणि सगळ्यांवर ओरडतो तो?” संगीताने पदर खोचला. “तसला एक आहे माझ्याकडे. दुसरा नको!”

सूचना अनुमोदनाअभावी बारगळली.

*

सिरीज पहिल्यांदा बघत होतो तेव्हापासून निनादची एक अडचण होती. पुस्तकं वाचलेली असल्यामुळे कोण मरणार हे त्याला आधीच माहीत असायचं. तो तोंडाने शब्द काढायचा नाही, पण चेहरा फितूर! कोणी मरायचं असलं की पाच मिनिटं आधी याचा चेहरा बारशाला जाऊन बाळ रडवून आल्यासारखा व्हायचा. म्हणून आम्ही त्याला पहिल्या रांगेत बसवायला लागलो, म्हणजे चेहरा दिसायला नको.

बंड्याचे वडील, सावंतकाका, बरोबर त्याच्या मागे बसायचे. काका गिरणीत होते, आणि डबलबारीचे बुवा म्हणून त्यांचं नाव काळाचौकीपासून करी रोडपर्यंत. डबलबारी म्हणजे भजनातला सामना. एका बुवाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच फेडायचा. असा माणूस समोरच्याचं अंग वाचण्यात तरबेज असतो. एका रविवारी सगळं शांत चाललेलं, राणी आपली जेवतेय, आणि काका मागून ओरडले, “कान तांबडे झाले रे! आता कोणतरी जातला!”

दोन मिनिटांत राणीचा भाऊ गेला.

पुढच्या रविवारी निनाद कानटोपी घालून आला. मे महिन्यात!

*

याच काकांनी एकदा निनादला स्पिन-ऑफ आणि प्रीक्वेल यातला फरक विचारला. निनादने फार छान समजावलं. स्पिन-ऑफमध्ये बाजूचं पात्र मध्ये येतं, प्रीक्वेलमध्ये आधी काय घडलं ते दाखवतात.

काका म्हणाले, “पयला माका समाजला. आमच्या दशावतारात तसाच करतंत. पुराणात जो दोन ओळीत मरता, तेका हयसर रातभर नाचवतंत. पण ह्या दुसऱ्याचा काय खरा नाय.”

“का काका?”

“जो मेलो म्हणान म्हायत आसा, तेची काळजी कित्याक करूची?”

निनादने यावर तब्बल तासभर वाद घातला. अगदी मुद्देसूद, काकांचा मान राखून. माणूस मरणार हे माहीत असतानाच त्याच्यावर जास्त माया बसते, असं त्याचं म्हणणं होतं. काका ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “तू बुवा होवक व्हयो होतंस. चुकीचा किती सुरात सांगतंस!” निनाद हे वाक्य अजून सर्टिफिकेटसारखं सांगत फिरतो.

*

आता प्रज्ञा. प्रज्ञा कांबळे आमच्या शेजारच्या चाळीतली, माझी शाळेपासूनची मैत्रीण. दादरला चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते, आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी डबिंगला जाते. परदेशी सिनेमे-सिरीज मराठीत येतात, त्यात आवाज देते. म्हणजे बाजारातली बाई, दवाखान्यातली बाई, आग लागल्यावर पळणारी बाई. मरण्याचं काम तर तिच्याकडे इतकं यायचं, की ती घरी गॅलरीत प्रॅक्टिस करायची. नवीन आलेले भाडेकरू एकदा किंकाळी ऐकून धावत सुटले, तर शेजारच्या आजी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “काही नाही, प्रज्ञा मरत्येय. होईल पाच मिनिटांत.”

तिची आई मात्र हिरमुसायची. टीव्हीसमोर बसून विचारायची, “यात तू कुठं हायेस गं?” आणि प्रज्ञा सांगायची, “ती डावीकडून ओरडली ना, ती.” आईला डावीकडची सापडेपर्यंत सीन संपलेला असायचा.

आमचे स्पिन-ऑफचे वाद चालू असतानाच ‘नऊ दिवे’ मराठीत आली, आणि प्रज्ञाला पहिल्यांदा एक चेहरा मिळाला. ओड्रा तेलवाली. नवव्या दिव्यात तेल भरणारी बाई, आख्ख्या सिरीजमध्ये दोन वाक्यं. सगळे सरदार दिव्याखाली भांडत असतात, ही वरून रिकामा डबा घेऊन उतरते आणि म्हणते, “तेल मी भरलं. दिवा कोणी लावायचा ते तुम्ही ठरवा.” आणि निघून जाते. बस्स, एवढंच!

पण काय म्हणाली होती प्रज्ञा! आवाज चढवला नाही, रडवेपणा नाही, सरदारांना असं झटकून टाकलं, की ऑफिसात टाळ्या पडल्या. तिची आई उठून पडद्याजवळ गेली आणि तेलवालीच्या तोंडावरून हात ओवाळून तिने कानशिलावर बोटं मोडली. पडद्यावरच्या गोऱ्या बाईची दृष्ट काढलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

“डब केलेलं मी बघत नाही,” असं वर्षानुवर्षं सांगणारा निनाद घरी जाताना बसमध्ये तेवढाच तुकडा मोबाइलवर परत परत लावून बघत होता, असं बंड्याने पाहिलंय. आणि त्यानंतरच्या सभेत चमत्कार झाला. कप्तान मॉर्ग, जुना काळ, राणीचं तरुणपण, सगळे उमेदवार एकदम पडले. सूचक निनाद, अनुमोदक बंड्या, ठराव एकमताने मंजूर: स्पिन-ऑफ झालाच तर ओड्रा तेलवालीचा!

“पुस्तकात ती फक्त अर्ध्या पानावर आहे,” निनाद म्हणाला, “पण पुस्तकवाल्याने प्रज्ञाला ऐकलेलं नाही.”

*

आणि कंपनीने खरंच ओड्रावर स्पिन-ऑफ जाहीर केला!

आमच्या ठरावाचा त्यात काही हात नव्हता हे मला समजतं. बंड्याला समजत नाही. त्याने बातमी वाचली आणि संध्याकाळपर्यंत चाळीच्या गेटवर आठ फुटी बॅनर लागला. आमच्या भागात नातवाचं नाव ठेवलं तरी बॅनर लागतो, मग हे तर काय! ‘आपल्या विभागाची शान, तेलवालीचा आवाज, कु. प्रज्ञा कांबळे यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून कार्यकारिणीचे बारा चेहरे, बंड्याचा गॉगलसकट. प्रज्ञाचा फोटो कोपऱ्यात, पासपोर्ट साइज.

प्रज्ञा दुकानातून आली ती गेटवरच थांबली.

“बंड्या, हे काय आहे?”

“अभिनंदन!”

“कशाबद्दल? अरे, मला अजून स्टुडिओतून फोनसुद्धा आलेला नाही! आणि कुमारी काय? माझा नवरा घरी भाजी चिरतोय!”

बंड्या जरासुद्धा ओशाळला नाही. “बॅनर आधी, फोन नंतर. बॅनर बघून येईल ना फोन!”

त्या दिवशी प्रज्ञा हसली नाही, आणि का, ते मला रात्रीच्या जेवणाआधी पायरीवर बसून तिने सांगितलं. स्पिन-ऑफच्या मुख्य आवाजासाठी कुठल्यातरी सिनेमातल्या नटीचं नाव चाललं होतं. “ती आली तर प्रश्न फक्त नव्या सिरीजचा नाही गं,” प्रज्ञा म्हणाली. “एका पात्राला एकच आवाज ठेवतात. माझी जुनी दोन वाक्यंपण तिच्याकडून परत बोलून घेतील. आईला दाखवायला होतं तेवढंही पुसलं जाईल.”

दुसऱ्या दिवशी बॅनर मी स्वतः उतरवायला लावला. फेकणार कोण, एवढा मोठा फ्लेक्स! तो उलटा करून मंडळाच्या सामानाच्या खोलीच्या गळक्या पत्र्याखाली ताणून बांधला, फोटोची बाजू खाली. आता तिथे झांजा काढायला गेलं की वरून कार्यकारिणी बघत असते.

*

फोन आला. बॅनर उतरवल्यावर आला, त्यामुळे बंड्या अजून नाराज आहे.

प्रज्ञा टेस्ट देऊन आली. आणि आल्यावर गप्प! स्टुडिओत सगळ्यांकडूनच सही घेतात, की सिरीज लागेपर्यंत कोणाला निवडलं, कोणाला नाही, कुठे बोलायचं नाही. त्यानंतर ती आठवड्यातून दोन-तीनदा स्टुडिओत जायची, पण त्यावरून काही कळेना, कारण ती एरवीही जायचीच. बाजारातल्या बायका काय कमी आहेत जगात?

आम्ही सगळे उपाय केले. बंड्याने ‘चुकून’ अभिनंदन करून पाहिलं. ती म्हणाली, “थँक्यू. कशाबद्दल?” निनादने तर्क लढवला, की ती गरम पाणी पिते म्हणजे घसा जपते, म्हणजे काम मोठं आहे. तिने त्याच्यासमोर बर्फाचा गोळा खाल्ला. मी मैत्रीची शपथ घातली, तर माझ्याकडे बघून म्हणाली, “शुभा, तुझा चष्म्याचा नंबर वाढलाय. ये दुकानात.”

शेवटी आम्ही तिच्या नवऱ्याला, हेमंतला, जिन्यात गाठलं. बिचारा आमच्याहून हैराण!

“मला पण सांगत नाही हो! म्हटलं, नवऱ्याला सांगायचं नाही असं कागदावर लिहिलंय का? तर म्हणते, तुला सांगितलं म्हणजे बंड्याला सांगितलं, आणि बंड्याला सांगितलं म्हणजे बॅनर!”

*

मग काकांनी ब्रह्मास्त्र काढलं. रविवारी सकाळी ते पेटी घेऊनच ऑफिसात आले. डबलबारीचा नियम सगळ्या गिरणगावाला ठाऊक आहे: गाण्यातून सवाल आला तर गप्प बसता येत नाही. काकांनी सूर धरला, बंड्याने टेबलावर ठेका धरला आणि काका प्रज्ञाकडे बघून गायला लागले:

“सांग गे बाये सांग, दिव्यात तेल कोणी घातला?
तुजो काय त्या नटीचो, आवाज कोणाचो रवला?”

ऑफिसभर हशा! सगळे प्रज्ञाकडे वळले. आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. प्रज्ञाचे आजोबा जलशात गायचे. नायगावपासून वरळीपर्यंत चौकाचौकांत उभं राहून त्यांनी माणसं जागी केली आहेत. सवाल अंगावर घ्यायची सवय त्या घराला आमच्याहून जुनी. प्रज्ञा उभी राहिली, ओढणी कमरेला बांधली आणि त्याच सुरात म्हणाली:

“दिवा लागल्यावर दिसेल बुवा, अंधारात का चाचपडता?
उत्तर मागता परक्या घरचं, स्वतःचा भाता का फाडता?”

काकांनी पेटीचा भाता बंद केला, उठले, आणि मंडळाच्या देव्हाऱ्यातला नारळ आणून प्रज्ञाच्या हातात दिला. “हरलंय मी,” ते म्हणाले. “आणि बरा वाटला.”

उत्तर मिळालंच नाही हे आमच्या लक्षात ती नारळ घेऊन घरी गेल्यावर आलं.

*

शेवटी ‘तेलवाली’ लागली. रविवारी सकाळी अकरा वाजता, मराठीत. ऑफिसात बसायला जागा नव्हती. गॅलरीत, जिन्यात माणसं. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना निदान ऐकू यावं म्हणून बंड्याने गणपतीतले मोठे स्पीकर काढून चौकाच्या दिशेने लावले. पुढच्या खुर्चीवर प्रज्ञाची आई, इस्त्रीची पांढरी साडी नेसून. प्रज्ञा सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, चेहरा कोरा. हेमंतला काही बघवेना. “मला नाही जमणार. मी खाली बाईक धुतो,” म्हणून तो बादली घेऊन चौकात गेला.

पहिला सीन. वारा, समुद्र, नववा दिवा. ओड्रा पाठमोरी, तेल भरतेय. बोलतच नाही! डबा उलटा करते, थेंब झटकते, अजून बोलत नाही. मग ती खिडकीपाशी गेली आणि मनोऱ्याखाली कोणावर तरी कडाडली:

“अरे ए, ऐकतोस का? तेल संपलंय! खाली आहेस तोवर घेऊन ये!”

झालं! ऑफिसात दंगल.

“हीच!” बंड्या ओरडला आणि त्याने चित्र थांबवलं.

“नाही रे,” निनाद म्हणाला, “हा आवाज घोगरा आहे. वयस्क आहे.”

“ओड्रापण म्हातारी झालीय ना आता! वय दाखवायला काढला असेल तसा.”

“ती नटीपण असाच काढेल.”

“माका तर दोघींचो वाटता,” काका म्हणाले.

मीही सांगू शकले नाही. तीस वर्षांची मैत्री, आणि मला छातीवर हात ठेवून सांगता येईना. सगळे मागे वळून प्रज्ञाकडे बघायला लागले. ती म्हणाली, “शेवटी नावं येतात. वाचा.” बंड्या म्हणाला, मग शेवटच आधी लावू. निनाद प्रोजेक्टरच्या आडवा उभा राहिला. “पहिला एपिसोड आहे! कोणी पुढे पळवायचा नाही!” प्रज्ञाची आई मात्र वळली नव्हती. ती पडद्याकडेच बघत होती, थांबलेल्या तेलवालीच्या उघड्या तोंडाकडे, आणि मला तिच्याकडे बघवेना. भांडण असं रंगलं, की मी वायर काढायच्या बेतात होते.

तेवढ्यात दारातली गर्दी बाजूला झाली. हेमंत आत आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायाला साबणाचा फेस, आणि हातात एक लिटर तेलाची पिशवी.

“कुठलं ते सांगितलं नाहीस,” तो प्रज्ञाला म्हणाला. “शेंगदाण्याचं आणलंय. चालेल?”